नॅट : एका अडलेल्या प्रतिकृतीचा इतिहास

नॅट या लढाऊ विमानाच्या एका पंखटोकापासून दुसऱ्या पंखटोकापर्यंतचं अंतर २२ फूट १ इंच. याच विमानाची जी दोन आसनांची, प्रशिक्षणासाठीची आवृत्ती ब्रिटिश हवाई दलानं वापरली, तिच्या बाबतीत ते २४ फूट. बहात्तरांश प्रमाणाच्या प्रतिकृतीत हा फरक जेमतेम आठ मिलिमीटर भरतो. या आठ मिलिमीटरपाशी एक प्रतिकृती तीस वर्षांहून अधिक काळ अडून पडली होती. गेली दोन वर्षं मी ती पुढे नेतो आहे. ते करताना भारतीय नॅटचा जो इतिहास मला वाचावा लागला, आणि अक्षरशः पट्टी लावून मोजावा लागला, तो इथे मांडतो.

प्रतिकृती माझ्या मामांची. ते हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. म्हणजे विमानाचा सांगाडा, चाकं, नियंत्रणाचे दांडे आणि हायड्रॉलिक नळ्या सांभाळणारे. त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं नॅटच्या तुकडीत गेली. निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना इंग्लंडहून 'एअरफिक्स' कंपनीचा नॅटचा संच आणून दिला. खोक्यावर लाल विमानांचं चित्र, आत लाल प्लॅस्टिकचे सुटे भाग. मामांनी धड जोडलं, मग करवतीच्या पात्यानं त्याचा पुढचा भाग कापला, आणि पंख न लावताच खोकं बंद केलं. ते गेल्यावर मामींनी हे खोकं आणि त्यांची एक वही माझ्याकडे दिली. खोक्यात रेघांच्या कागदावर आकडेमोड होती. कागदाच्या डोक्यावर एवढंच लिहिलं होतं : 'हे आपलं नाही.'

ते बरोबरच होतं. मात्र 'आपलं' म्हणजे कोणतं, हे समजायला मला बरंच मागे जावं लागलं.

आधी हे बहात्तरांश प्रमाण. दशमान पद्धतीत वाढलेल्या माणसाला ते विचित्र वाटतं. मूळ इंग्रजी मापात बघितलं की उलगडतं : खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच. उभा माणूस इंचभर. फुटांना सहानं भागलं की इंच मिळतात, गणित तोंडी होतं. इंग्लंडमध्ये १९३२ मध्ये 'स्कायबर्ड्‌स' नावाचे लाकडी भागांचे संच या प्रमाणात निघाले, १९३६ मध्ये 'फ्रॉग पेंग्विन'चे प्लॅस्टिकचे. मग महायुद्ध आलं आणि खेळण्याला सरकारी काम लागलं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे क्षणात ओळखायचं शिक्षण सैनिकांना द्यायचं होतं, त्यासाठी प्रतिकृती हव्या होत्या. बहात्तरांश प्रतिकृती ३५ फुटांवरून पाहिली की खरं विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसावं तशी दिसते. अमेरिकी नौदलानं १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून अशा पाच लाख लाकडी प्रतिकृती करून घेण्याची मोहीम काढली होती. युद्ध संपलं, प्रमाण तेच राहिलं. एअरफिक्सनं पन्नाशीच्या दशकात स्वस्त प्लॅस्टिकचे संच पिशव्यांत भरून वूलवर्थच्या दुकानांत विकायला सुरुवात केली, आणि एका अख्ख्या ब्रिटिश पिढीचा विमानांचा इतिहास जेवणाच्या टेबलावर डिंकाच्या वासात घडला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कोणत्या विमानाचा संच निघणार हे बाजार ठरवतो, आणि बाजार त्यांच्या घरचा होता. एअरफिक्सनं साठीच्या दशकात नॅटचा संच काढला तो ब्रिटिश हवाई दलाच्या दोन-आसनी प्रशिक्षक विमानाचा. १९६५ पासून १९७९ पर्यंत 'रेड ॲरोज' हा कसरतींचा संघ हीच लाल विमानं उडवत होता. जगाच्या डोळ्यांसमोर नॅट म्हणून जी आकृती आहे ती ही. १९९१ च्या 'हॉट शॉट्स' या विडंबनपटातली लुटुपुटूची लढाऊ विमानंसुद्धा हीच प्रशिक्षक नॅट. खुद्द ज्या कामासाठी नॅटचा जन्म झाला ते काम ज्या देशानं त्याच्याकडून सर्वाधिक करून घेतलं, त्याचं एक-आसनी विमान कित्येक वर्षं खोक्यात आलंच नाही.

नॅटचा जनक टेडी पेटर. हा गृहस्थ मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात चमत्कारिक वाटतो. वेस्टलँड कंपनीत असताना त्यानं लायसँडर केलं, जे दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या पहिल्या तुकडीनं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरलं. मग इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये कॅनबेरा हे बॉम्बफेकी विमान. तेही आपण पुढे पन्नास वर्षं उडवलं. स्वनातीत लायटनिंगची सुरुवातही त्याचीच. आणि या चढत्या भाजणीच्या टोकाला तो १९५० मध्ये हॅम्बलच्या फॉलंड या लहानशा कंपनीत गेला आणि म्हणाला, आता पुरे, लढाऊ विमानं फार जड झाली आहेत.

त्याचं म्हणणं साधं होतं. विमानात एक उपकरण वाढवलं की ते पेलायला सांगाडा वाढतो, सांगाडा वाढला की इंजिन मोठं लागतं, इंजिन मोठं झालं की इंधन जास्त, इंधन जास्त म्हणून पुन्हा सांगाडा. हे चक्र उलटं फिरवायचं. वैमानिक, दोन ३० मिलिमीटरच्या ॲडन तोफा, एक हलकं जेट इंजिन, आणि त्यांच्याभोवती जेवढं लागेल तेवढंच विमान. स्टॅनले हूकरच्या देखरेखीखाली ब्रिस्टल कंपनीनं ऑर्फियस नावाचं इंजिन केलं आणि १८ जुलै १९५५ रोजी नॅट उडालं. रिकामं वजन सुमारे २,२०० किलो. त्याच काळातलं हंटर रिकामं सहा हजार किलोच्या पुढे होतं.

विमान चपळ होतं, वेगानं वर चढत होतं, आणि ते कुणाला नको होतं. नाटोच्या हलक्या लढाऊ विमानाच्या स्पर्धेत इटलीचं फियाट जी-९१ निवडलं गेलं. ब्रिटिश हवाई दलानं १९५८ मध्ये एडनच्या उन्हात त्याची जमिनीवरच्या हल्ल्यांसाठी चाचणी घेतली आणि हंटर पसंत केलं. पल्ला आणि भार या दोन्हींत नॅट कमी पडत होतं. फिनलंडनं तेरा विमानं घेतली, युगोस्लाव्हियानं दोन. ब्रिटननं शेवटी घेतली ती प्रशिक्षणाची मोठी आवृत्ती, एकशे पाच विमानं. पेटरनं १९५९ मध्ये विमानांचं काम सोडलं, तो स्वित्झर्लंडमधल्या एका धार्मिक समूहात राहायला गेला आणि १९६८ मध्ये वारला.

भारतानं मात्र सप्टेंबर १९५६ मध्येच नॅट परवान्यावर बांधण्याचा करार केला होता. यामागे लढाईचा विचार होता तसाच कारखान्याचाही होता, आणि मला तरी दुसरा अधिक वजनदार वाटतो. बंगळुरूचा हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये उभा केला, युद्धकाळातच तो सरकारच्या ताब्यात गेला. तिथे विमानं दुरुस्त होत, जुळवली जात. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांट्‌लच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकून आले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रेखाटलेलं एचटी-२ हे प्रशिक्षक विमान १९५१ मध्ये उडालं. पंख्याचं प्रशिक्षक विमान ते स्वनातीत जेट ही उडी एका झेपेत मारता येत नाही. मध्ये पायरी हवी. नॅट लहान होतं, स्वस्त होतं, त्याचं इंजिनही परवान्यावर करता येणार होतं. बंगळुरूचा इंजिन कारखाना १९५७ मध्ये सुरू झाला तो ऑर्फियससाठी. कुर्ट टांकनं भारतासाठी रेखाटलेल्या मरुत या विमानातही हेच इंजिन दोन-दोन बसलं. अर्थात मरुतला ते पुरलं नाही, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

भारतासाठीचं पहिलं नॅट जानेवारी १९५८ मध्ये कानपूरला आलं ते उडत नव्हे. सी-११९ या मालवाहू विमानाच्या पोटात घालून ते आणलं गेलं. हा तपशील वाचला तेव्हा मला खोक्यातला संच आठवल्याशिवाय राहिला नाही. मार्च १९६० मध्ये २३ क्रमांकाच्या तुकडीनं व्हॅम्पायर सोडून नॅट घेतलं. पण भारतात घडवलेल्या भागांपासून बनलेलं नॅट उडायला मे १९६२ उजाडलं. करारापासून पावणेसहा वर्षं. शेवटचं नॅट जानेवारी १९७४ मध्ये हवाई दलाकडे गेलं. तोवर सुमारे दोनशे विमानं झाली होती, आणि त्यातूनच पुढे पंखांत इंधन साठवणारं अजित निघालं, जे १९९१ पर्यंत सेवेत होतं.

आता मामांच्या कागदाकडे येतो. त्यांनी मांडलेली आकडेमोड अशी होती : प्रशिक्षकाचे पंख २४ फूट, भागिले सहा, चार इंच बरोबर. संचातले पंख पट्टीवर तेवढेच भरतात; एअरफिक्सनं काम चोख केलं होतं. लढाऊ नॅटचे हवे ३.६८ इंच, म्हणजे साडेत्र्याण्णव मिलिमीटर. दोन्ही टोकांचे चार-चार मिलिमीटर कापले की झालं, असं कुणालाही वाटेल. मामांनाही आधी तसं वाटलं असावं, कारण पंखांवर पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत. पण त्याखाली त्यांनी क्षेत्रफळ लिहिलं आहे, आणि काम तिथेच थांबलं आहे.

प्रशिक्षकाच्या पंखांचं क्षेत्रफळ १७५ चौरस फूट, लढाऊ नॅटचं १३६.६. क्षेत्रफळाला लांबीनं भागलं तर पहिल्याची सरासरी रुंदी सात फूट साडेतीन इंच येते, दुसऱ्याची सहा फूट दोन इंच. म्हणजे पंख नुसता आखूड नाही, अरुंदही आहे. प्रतिकृतीत ही रुंदी सरासरी साडेचार-पाच मिलिमीटरनं कमी करायची, तीही पंखाचा मागे झुकलेला कोन न बिघडवता. टोकं कापून हे साधत नाही. शिवाय धड तीन फूट एक इंचानं आखूड करायचं, प्रतिकृतीत तेरा मिलिमीटरनं, कारण मागचं आसन जातं. शेपटी लहान करायची. हवा आत घेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तोंडांत तोफांची भोकं करायची, कारण प्रशिक्षकाला तोफा नव्हत्याच. आणि पंखांवर कोरलेल्या रेघाही खोट्या ठरतात. प्रशिक्षकाचे एलेरॉन, म्हणजे विमान कलतं करणाऱ्या फळ्या, पंखाच्या बाहेरच्या अंगाला आहेत आणि फ्लॅप आतल्या. लढाऊ नॅटमध्ये आतल्या अंगाच्या फळ्याच दोन्ही कामं करत. उतरताना खाली झुकून त्याच फ्लॅप होत. पेटरनं वजन वाचवलं ते असं, एका भागाकडून दोन कामं करून घेऊन.

चाकांचंही तसंच. नॅटला वेग कमी करण्यासाठी वेगळे ब्रेक नाहीत. हवेत असताना चाकं अर्धवट खाली सोडायची. चाकांच्या दांड्यांना जोडलेली झाकणं वाऱ्याला आडवी येतात आणि विमानाचा वेग कमी होतो. चाकं पंखांत न जाता धडातच मिटतात, त्यामुळे पंख पातळ ठेवता आला. ही युक्ती पहिल्यांदा समजली तेव्हा मी प्रतिकृती हातात घेऊन बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

आजच्या घडीला एका चेक कंपनीचा एक-आसनी नॅटचा सुरेख संच मिळतो. तो घेऊन पंधरा दिवसांत विमान उभं करता आलं असतं. ओळखीच्यांनी तसं सुचवलंही. तो संच मी आणला, पण पट्टी म्हणून. त्याच्या पंखांचा छाप कागदावर घेतला आणि मामांच्या लाल पंखांवर चिकटवला. मग पुढची धार कानशीनं मागे आणली, मागची कापली, चुकीच्या रेघा पुट्टीनं भरून पॉलिश पेपर मारला, नव्या रेघा सुईनं ओढल्या. धडाचे तेरा मिलिमीटर एका ठिकाणी कापून चालत नाहीत. मामांचा नाकाकडचा छेद उपयोगी आला, दुसरा आसनांच्या मागे घ्यावा लागला. जुना डिंक प्लॅस्टिकमध्ये मुरून ते ठिसूळ झालं होतं, म्हणून सांध्याच्या आतून पातळ पट्ट्या लावल्या. आसनावरची काच संचातली चालणार नव्हती. लाकडाचा साचा तासला आणि मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण गरम करून त्यावर ताणलं. सहाव्या वेळी ती काच बरी उतरली.

इतकी उठाठेव कशासाठी, याचं उत्तर मामांच्या वहीत आहे.

नॅटबद्दल आपल्याकडे जे लिहिलं गेलं ते बहुतेक वैमानिकांचं, आणि ते योग्यही आहे. त्या लेखनात नॅटचा लहानपणा हा गुण आहे : शत्रूला दिसत नाही, चटकन वळतं, धावपट्टीवरून पटकन उठतं. वहीत तोच लहानपणा वेगळ्या बाजूनं येतो. विमान बुटकं, त्यामुळे जमिनीवर उभं राहून बरंच काम होई, शिडीची दगदग नाही, हे मामा कौतुकानं लिहितात. पण आत हात जायला जागा नाही. एक नळी बदलायची तर आधी दुसरे दोन भाग काढायचे, मग ते परत बसवायचे, आणि प्रत्येक वेळी दाबाची तपासणी नव्यानं. 'साहेबाचं विमान सोपं कागदावर' असं एक वाक्य आहे. बोटांच्या सांध्यांना कायम पट्ट्या असत. लहान हाताच्या पोराला फिटर लोक आपल्या पाळीत मागून घेत.

हे केवळ एका फिटरचं गाऱ्हाणं नव्हे. नॅटची शेपटीकडची आडवी पाती अख्खी हलणारी होती आणि हायड्रॉलिक दाबावर चालत होती. त्या यंत्रणेतल्या आणि नियंत्रणातल्या दोषांनी अपघात झाले, विमानं वेळोवेळी जमिनीवर ठेवावी लागली. ॲडन तोफा ऐन वेळी अडकल्याच्या आठवणी वैमानिकांनीही सांगितल्या आहेत. अजितमध्ये जे बदल केले गेले, त्यांत नियंत्रणाची सुधारणा होती, हे पुरेसं बोलकं आहे. पेटरनं वजन कमी केलं. त्या बदल्यात जी गुंतागुंत उरली ती हँगरमधल्या माणसांच्या वाट्याला आली. माझ्या वाचनात हा हिशेब क्वचितच कुणी मांडलेला दिसला. म्हणून मला हे विमान मामांच्याच प्लॅस्टिकमधून उभं करायचं होतं.

यानंतर रंगाचा प्रश्न आला, आणि त्याबरोबर युद्धांचा. एखादं विमान रंगवायचं तर ते कोणत्या दिवशीचं, हे ठरवावं लागतं. १९६५ च्या युद्धाला नॅट सामोरी गेली ती चंदेरी, उघड्या धातूच्या रंगात. तळांवर हल्ले झाल्यावर घाईघाईनं रंग फासले गेले, आणि १९७१ मध्ये ती छद्मावरणात दिसतात.

१ सप्टेंबर १९६५ ला छांबच्या आघाडीवर चार व्हॅम्पायर गमावल्यावर नॅट पठाणकोटला आणली गेली. ३ सप्टेंबरला सकाळी मिस्तेअर विमानं आमिष म्हणून उंचावर ठेवली आणि नॅट खालून, जमिनीलगत गेली. त्या झटापटीत ट्रेव्हर कीलर यांना एका सेबरचं श्रेय मिळालं, वीरचक्रही मिळालं, आणि 'सेबर स्लेयर' हे नाव जन्माला आलं. पाकिस्तानी बाजूचं म्हणणं असं, की युसूफ अली खान यांचं ते सेबर जबर जखमी होऊन परतलं, पडलं नाही. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, पठानिया यांना ज्या सेबरचं श्रेय मिळालं, ते पडलं याबद्दल असा वाद नाही. त्याचा वैमानिक हवाई छत्रीनं उतरला. आपल्याकडच्या लोकप्रिय लेखनात मात्र पहिलीच घटना ठळक राहिली.

त्याच ३ सप्टेंबरला स्क्वाड्रन लीडर सिकंद यांचं नॅट सोबत्यांपासून तुटलं आणि पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. एफ-१०४ विमानानं त्याला उतरायला भाग पाडलं असं तिकडे सांगतात. वाट चुकल्यावर ती आपलीच धावपट्टी वाटली असं इकडे. विमान धडधाकट होतं. आयई-१०८३ क्रमांकाचं ते नॅट आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. ज्याचं जिंकणं सांगितलं जातं आणि ज्याचं हरवणं दाखवलं जातं, ती एकाच सकाळची, एकाच मोहिमेतली विमानं.

१९७१ चीही तीच गत. २२ नोव्हेंबरला बोयऱ्यावर २२ क्रमांकाच्या तुकडीच्या चार नॅटनी दमदमहून उठून सेबर गाठली. तीन पाडल्याचा आपला दावा. पाकिस्तान दोन मान्य करतं, तिसरं परतलं म्हणतं. पकडल्या गेलेल्या दोघांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे १९९७ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. १४ डिसेंबरला श्रीनगरवर सहा सेबर चालून आली तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखोंनी हल्ला सुरू असतानाच उड्डाण केलं आणि एकट्यानं झुंज दिली. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. तिथे आकड्यांचा वाद काहीही असो, त्या उड्डाणाचं मोल त्यानं घटत नाही.

संशोधक म्हणून मला यात एक खटकतं. पाडलेल्या विमानांची संख्या हा नॅटच्या इतिहासाचा कणा करून टाकल्यामुळे, त्यातलं एखादं सेबर परत गेलं असं म्हटलं की लोकांना ते विमानाचाच अपमान केल्यासारखं वाटतं. एका व्याख्यानानंतर मला तसं ऐकवलंही गेलं. वास्तविक लढाई टाळून जखमी अवस्थेत परत जायला लावणं हेही हवाई युद्धातलं यशच. आणि तुलनेसाठी निराळी मापं उपलब्ध आहेत : चार वर्षांत आपला कारखाना काय शिकला, रोज सकाळी तुकडीतली किती विमानं उडायला तयार असत. मामांनी वहीत एके ठिकाणी लिहिलं आहे, 'सेबर कुणी पाडलं ते वैमानिकाला विचारा. विमान सकाळी उभं होतं का, ते आम्हाला विचारा.' त्याखाली तारखा आणि विमानांचे क्रमांक आहेत, कोणतं तयार, कोणतं नाही, कशामुळे. अशी चार पानं आहेत. ती १९६५ ची नाहीत, नंतरच्या शांततेच्या काळातली, कुठल्यातरी साध्या आठवड्यांची आहेत. बहुतेक ठिकाणी कारण म्हणून एकच शब्द : हायड्रॉलिक.

त्या चार पानांतल्याच एका विमानाचा क्रमांक मी घेतला आहे. ते कोणत्याही प्रसिद्ध लढाईत आलेलं नाही. हिरव्या-तपकिरी रंगात ते करतो आहे. नाकाखाली सेबरचं चिन्ह काढणार नाही, आत वैमानिक बसवणार नाही. केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळांचे चिकटचित्रांचे कागद संचात असणं शक्यच नव्हतं. ते पारदर्शक कागदावर छापून घेतले, पण केशरी रंग लाल दिसू नये म्हणून खाली पांढरा थर द्यावा लागला. पंख बसले आहेत. मोजले, साडेत्र्याण्णव मिलिमीटर भरले. आसनामागचं एक झाकण उघडं ठेवलं आहे आणि आत तांब्याच्या तारेच्या नळ्या घालतो आहे. खऱ्या जागेच्या मानानं त्या अजून जाड दिसतात, म्हणून मोटारीच्या जुन्या वाइंडिंगमधली बारीक तार आणली आहे. चाकांची झाकणं राहिली आहेत, आणि विमानाशेजारी ठेवायची पत्र्याची हत्यारपेटी. इंचभर माणसाच्या मानानं ती पाव इंच लांब असायला हवी.